अळू थोरला भाऊ, अमरवेल बेटाची खूण: हवाईची फुलं समजून घेताना

ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईतल्या माउई बेटावरचं लाहैना हे गाव वणव्यात जळालं. शंभराच्या वर माणसं गेली. त्या दिवसांत जगभरच्या बातम्यांत एक झाड सारखं दिसत होतं. गावाच्या मधोमध उभा असलेला, होरपळून तपकिरी झालेला वड. तो जगेल का, मुळं शाबूत आहेत का, पाणी कोण घालतंय, हे सगळं छापून येत होतं. पुढे त्याला पालवी फुटली आणि तीही बातमी झाली.

गंमत अशी की तो वड मूळचा आपल्याकडचा. भारतातून आणलेलं हे रोप १८७३ च्या एप्रिलमध्ये तिथं लावलं, तेव्हा ते जेमतेम आठ फूट होतं. निमित्त होतं ख्रिस्ती मिशनरी लाहैनात आल्याला पन्नास वर्षं झाल्याचं. पुढे त्याच वडाने पारंब्या सोडत अर्ध्या एकरापेक्षा जास्त जागा व्यापली. पण हवाईची जुनी माणसं त्या दिवसांत आणखी एका झाडाबद्दल बोलत होती: उलू. उलू म्हणजे आपला नीरफणस. लाहैनाचं जुनं नाव लेले, आणि तिथल्या दाट राईवरून पडलेली ओळख ‘मालू उलू ओ लेले’, म्हणजे लेलेतली नीरफणसांची सावली. ती राई वणव्याने नव्हे, त्याच्या कितीतरी आधी उसाच्या मळ्यांनी संपवली होती.

आणि माउई बेटाचं अधिकृत फूल कोणतं? गुलाब!

इथं कुणाचाही गोंधळ उडेल. वड भारतातला, गुलाब जुन्या जगातला, पोस्टरवरच्या सुंदरीच्या कानामागचा चाफा अमेरिका खंडातला. मग हवाईचं असं फूल कोणतं? आणि ‘हवाईचं’ म्हणजे नेमकं काय?

## झाडं बेटांवर तीनदा आली

हवाई हा प्रशांत महासागराच्या मधोमध वर आलेला ज्वालामुखींचा पट्टा आहे. जवळची मुख्यभूमीही सुमारे ३,८०० किलोमीटर लांब. अशा जागी झाड पोचायचं तर वाऱ्यावर, लाटेवर नाहीतर पाखराच्या पोटातून. लाखो वर्षांत असे जे थोडे पाहुणे पोचले त्यांची पुढची पिढी तिथं एकटीच वाढली, बदलत गेली. म्हणून हवाईच्या मूळच्या फुलझाडांपैकी सुमारे नव्वद टक्के जाती जगात दुसरीकडे कुठंच नाहीत. ही झाली मूळची झाडं.

दुसरी खेप माणसांबरोबर आली. सुमारे हजार वर्षांपूर्वी दक्षिणेकडून पॉलिनेशियन लोक जोडनावा घेऊन आले, तेव्हा त्यांनी बरोबर संसार आणला होता. नव्या घरी जाताना आपल्याकडची बाई अळूचे कंद आणि हळदीचा गड्डा ओच्यात बांधून नेते, तसाच. यांना होडीतली झाडं म्हणतात आणि ती साधारण दोन डझन आहेत. कालो म्हणजे अळू, ओलेना म्हणजे हळद, को म्हणजे ऊस, निउ म्हणजे नारळ, माइआ म्हणजे केळ, उलू म्हणजे नीरफणस, कामानी म्हणजे उंडी, नोनी म्हणजे बारतोंडी. ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला रत्नागिरीकडच्या एखाद्या आगरात उभं असल्यासारखं वाटलं. हळदीचा उपयोगही ओळखीचा: मिठाच्या पाण्यात कालवून ते शुद्धीसाठी शिंपडायचं.

तिसरी खेप १७७८ मध्ये कॅप्टन कुक तिथं पोचला त्यानंतरची. गुलाब, मोगरा, चाफा, ऑर्किड, वड. जहाजांतून, मिशनऱ्यांच्या पेट्यांतून, डॉक्टरांच्या बागांतून आलेली ही झाडं.

मूळची, होडीतली आणि नंतरची. एवढे तीन शब्द लक्षात ठेवले की पुढचं सगळं सुटत जातं.

## बेटागणिक एक खूण

महाराष्ट्राचं राज्यफूल जसं ताम्हण, तसं हवाईत प्रत्येक मोठ्या बेटाचं एक फूल आणि एक रंग ठरलेला आहे. ही यादी काही पुराणकाळातली नाही. ती १९२३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ठराव करून केली. तेव्हा राणीचं राज्य उलथवल्याला तीस वर्षं झाली होती आणि हवाई अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश होता. एक मे हा तिकडे ‘लेई’ दिन. लेई म्हणजे माळ: फुलांची, पानांची, बियांची, शिंपल्यांची, पिसांचीही. १९२८ पासून तो साजरा होतो. त्या दिवशी शाळांमधून प्रत्येक बेटाची एकेक ‘राजकन्या’ आपापल्या बेटाच्या रंगाचा झगा आणि लेई घालून मिरवते. आपण महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन करत असतो, तेव्हा.

यादीत मात्र भलतेच पाहुणे आहेत. ओआहू, म्हणजे होनोलुलू शहर असलेलं बेट. त्याची खूण इलिमा. हे आपल्या चिकण्याचं सख्खं भावंड. चिकणा म्हणजे रस्त्याकडेला उगवणारं, उपटता उपटत नाही असं ते पिवळ्या फुलांचं झुडूप. इलिमाची पाकळी कागदापेक्षा पातळ, आयुष्य एक दिवसाचं, आणि एका माळेला शेकडो फुलं लागतात. पिवळ्या-केशरी रंगामुळे ती राजघराण्यातल्या पिसांच्या माळांसारखी दिसते, म्हणून तिचा मान मोठा.

लानाई बेटाची खूण तर काउनाओआ, म्हणजे अमरवेल! शेतकऱ्याच्या कपाळावर आठी आणणारी, दुसऱ्याच्या जिवावर जगणारी, ना पान ना मूळ अशी केशरी दोऱ्यांची गुंतवळ. पण ही जात हवाईची स्वतःची आहे. किनाऱ्यावर पसरलेले तिचे दोरे पिळून माळ करायची, ती सोन्याच्या साखळीसारखी दिसते. ज्याने हे पहिल्यांदा केलं त्याच्या नजरेला दाद द्यायला हवी.

मोलोकाईची खूण कुकुई. आपण याला रानअक्रोड म्हणतो. हे होडीतून आलेलं. याच्या तेलकट बिया नारळाच्या हिरावर ओवून वरची पेटवायची. एक जळाली की खालची पेट घेते. कुकुई या शब्दाला दिवा असाही अर्थ आहे, आणि त्यावरून ज्ञान, उजेड, वाट दाखवणं. लानिकाउला नावाच्या भविष्यवेत्त्याची मोलोकाईवरची कुकुईची राई अजून पवित्र मानतात. राज्याचं अधिकृत झाडही हेच, १९५९ पासून.

कवाईची खूण मोकिहाना. हे फूल नव्हे, बारीक हिरवं फळ. लिंबू-कढीपत्त्याच्या कुळातलं, वास बडीशेपेसारखा, आणि ओल्या अंगावर माळ घातली तर कातडी भाजू शकते. नीइहाउ हे कोरडं, खासगी मालकीचं बेट. तिथं फुलांऐवजी तांदळाएवढे शंख-शिंपले ओवतात. निर्जन काहोओलावेची खूण हिनाहिना, आपल्या भुरुंडीच्या गोतावळ्यातलं रुपेरी झुडूप. या बेटावर अमेरिकी नौदलाने १९४१ ते १९९० बॉम्बफेकीचा सराव केला. १९९४ मध्ये ते राज्याला परत मिळालं आणि स्वयंसेवक आता तिथं पुन्हा झाडं लावतायत.

माउईचा गुलाब, लोकेलानी, हा या यादीतला एकुलता एक नंतरचा पाहुणा. गुलकंदाचा जो सुवासिक गुलाब, त्याच जातीचा.

## लेहुआ तोडली की पाऊस

हवाई नावाच्याच सर्वांत मोठ्या बेटाची खूण लेहुआ. झाडाचं नाव ओहिआ, फुलाचं लेहुआ. आपल्याकडच्या जाम-जांभळाच्या कुळातलं. लाल जामाच्या फुलाचा झुबका पाहिला असेल तर लेहुआ डोळ्यांसमोर येईल: पाकळ्या नाहीतच म्हणायच्या, नुसत्या लालभडक केसरांचा गोंडा.

गोष्ट अशी. ओहिआ नावाचा देखणा तरुण, लेहुआ त्याची प्रिया. ज्वालामुखीची देवी पेले हिचं मन ओहिआवर बसलं. त्याने नकार दिला. पेलेचा राग तो. तिने त्याला वाकड्यातिकड्या झाडात बदललं. लेहुआचा आकांत पाहून इतर देवांना दया आली. झाडाचा माणूस करणं त्यांना जमलं नाही, पण लेहुआला त्याच झाडाचं फूल केलं. म्हणून फूल तोडलं की पाऊस येतो. ताटातूट झालेल्यांचे ते अश्रू.

मग लेहुआच्या माळा होत नसत का? होत. लोकरीत अशी की डोंगरात शिरताना फूल तोडायचं नाही. परतीच्या वाटेवर, तेही विचारून, हवं तेवढंच घ्यायचं. तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये, ते झोपलेलं असतं, हे ऐकत वाढलेल्यांना यात नवल वाटू नये.

आता ही गोष्ट बाजूला ठेवून झाड काय करतं ते पाहू. लाव्हा थंड होऊन काळा दगड झाला की त्याच्या भेगेत उगवणाऱ्या पहिल्या झाडांत ओहिआ असतो. बी धुळीइतकं बारीक, वाऱ्यावर उडतं. ज्वालामुखीचा विषारी धूर आला की पानांवरची छिद्रं मिटून घेतो, जणू श्वास रोखून धरतो. उंचावर ढगातलं पाणी पानांवर, शेवाळावर धरून जमिनीत मुरवतो. लाल पाखरं त्याच्या मधावर जगतात. हवाईच्या मूळ जंगलाचा सुमारे ऐंशी टक्के भाग ओहिआचा आहे.

म्हणजे पेलेच्या आगीतून पहिलं उभं राहणारं झाड हेच, आणि पावसाशी त्याचं नातं खरंच आहे. हिलो गावच्या पावसाला कानीलेहुआ असं नावच आहे, आणि तिथल्या मुख्य रस्त्यालाही तेच. हवाईत पावसाला अशी शेकडो नावं, गावागावाची वेगळी. म्हणून तिथं ‘या फुलाचा अर्थ काय’ विचारलं तर लाल म्हणजे प्रेम, पांढरा म्हणजे शांती असलं भेटकार्डी उत्तर पुरत नाही. फूल कुठल्या डोंगरावरचं, कोणत्या पावसातलं, कुणाचं, हे कळल्यावरच त्याचा अर्थ लागतो.

## अळू हा थोरला भाऊ

होडीतल्या झाडांत पहिला मान कालोचा, म्हणजे अळूचा. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. ते घराजवळ पुरलं, तिथून अळू उगवला. दुसरं मूल झालं हालोआ, तो पहिला माणूस. म्हणजे अळू माणसाचा थोरला भाऊ. भावाने पोसायचं, धाकट्याने त्याची जमीन आणि पाणी सांभाळायचं, असा हा करार.

हे भाषेतही मुरलंय. मुख्य कंदाला फुटणारी पिल्लं म्हणजे ओहा, आणि त्यावरून ओहाना, म्हणजे कुटुंब. अळूचं पान म्हणजे लुआउ. ते ज्या जेवणावळीत रांधलं जाई तिलाच पुढे लुआउ म्हणू लागले. पर्यटकांना शे-दोनशे डॉलरला विकली जाते ती ‘लुआउ पार्टी’ म्हणजे नावाने पाहिलं तर अळूच्या फतफत्याचं जेवण. कंद उकडून, कुटून केलेली पोई पानात असली की भांडायचं नाही, थोरला भाऊ समोर बसलाय, अशी शिकवण.

## ‘पण या तर नुसत्या गोष्टी आहेत’

असं वाटणाऱ्यांसाठी २००६ सालचं उदाहरण. हवाई विद्यापीठाने पानकुजीला दाद न देणारे अळूचे तीन संकरित वाण काढले आणि २००२ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे मालकी: लावायचा तर परवानगी घ्या, पैसे द्या. शेतकरी आणि मूळ हवाईयन कार्यकर्ते उठले. त्यांचा युक्तिवाद दुहेरी होता. हे वाण आमच्या पूर्वजांनी शेकडो वर्षं निवडत आणलेल्या अळवातूनच आले. आणि दुसरं, भावाची मालकी कुणी कशी घेईल? मोर्चे झाले, विद्यापीठाच्या दाराला साखळ्या लागल्या, आणि जून २००६ मध्ये विद्यापीठाने तिन्ही पेटंट सोडून दिली. पुढच्याच वर्षी कालो राज्याची अधिकृत वनस्पती झाली.

पेटंटवर दुमत असू शकतं. संशोधनाला पैसा लागतो, हेही खरं. पण जी गोष्ट कायदेशीर कागद मागे घ्यायला लावते तिला ‘नुसती’ म्हणणं कठीण आहे.

## ‘चाफा तरी हवाईचाच ना?’

नाही. आपण ज्याला देवचाफा किंवा खुरचाफा म्हणतो तो १८६० मध्ये विल्हेल्म हिलेब्रांड या जर्मन डॉक्टरने हवाईत आणला. आपल्याकडेही तो मूळचा नाही. देवळापुढे इतका शोभतो की कुणाला शंका येत नाही एवढंच.

मोगऱ्याची गोष्ट जास्त गोड आहे. हवाईची राजकन्या काइउलानी हिला दोन गोष्टी फार प्रिय: अंगणातले मोर आणि मोगरा. इंग्रजीतल्या ‘पीकॉक’चं हवाईयन रूप पीकाके, आणि लोक मोगऱ्यालाच पीकाके म्हणू लागले. आपला मोगरा तिथं मोर झाला. आज नवरीच्या गळ्यात पीकाकेच्या पदरांवर पदर असतात. हिमालयाकडचा पांढरा सोनटक्काही असाच माळांत रुळला. पण त्याचा पिवळा भाऊबंद, काहिली नावाचा, जंगलात असा माजलाय की मूळच्या रोपांना जमिनीपाशी उजेड मिळत नाही.

राज्यफुलाचाही घोळ झालाच होता. १९२३ मध्ये ‘जास्वंद’ एवढंच ठरलं. कोणती ते सांगितलं नाही. लोक बागेतली परदेशी लाल जास्वंद काढत राहिले. १९८८ मध्ये दुरुस्ती झाली: मूळची पिवळी जास्वंद, माओ हाउ हेले. ती रानात इतकी कमी उरलीय की बहुतेकांनी तिला चित्रातच पाहिलेलं.

मग बाहेरची फुलं खोटी का? मला तसं वाटत नाही. दीडशे वर्षं आज्यांनी ओवलेलं फूल परकं कसं म्हणणार? फक्त दोन्हींचं वजन वेगळं. चाफा हवाईच्या लोकांचा झाला. ओहिआ हवाईच्या जमिनीचा आहे.

## ‘माळा म्हणजे पर्यटकांसाठीचा देखावा’

बराचसा आहे. विमानतळावरच्या ऑर्किडच्या लेईतली फुलं अनेकदा थायलंडहून आलेली असतात. पण घरात, शाळेत, अंत्यविधीत लेई अजून जिवंत आहे आणि तिचे नियम आपल्याला न शिकवता कळतील असे. कुणी घातली तर नाही म्हणायचं नाही. देणाऱ्यासमोर काढायची नाही. सुकली तर कचऱ्यात टाकायची नाही. दोरा काढून फुलं मातीला, झाडाला परत द्यायची. निर्माल्याचा विचार तो हाच. गरोदर बाईला बंद माळ घालत नाहीत, नाळेचा फास लागल्यासारखं मानतात. तिला टोकं मोकळी असलेली.

अशी मोकळी माळ म्हणजे माइले, डोंगरातली सुवासिक वेल. तिची साल पानांसकट सोलून, पिळून केलेली. लग्नात तिनेच हात बांधतात. उद्घाटनाला फीत कापण्याऐवजी माइलेची गाठ सोडतात, कापत नाहीत.

हुला नाचाची देवता लाका. नाच शिकायच्या जागी तिची वेदी मांडत. तिच्यावर माइले, लेहुआ, नेचे. गणपतीला पत्री जशी. नाचणाऱ्याच्या मनगटावरचं पानसुद्धा म्हणून दागिना नसतं, देवीचं अंगच असतं.

## झाडच गेलं तर

आणि आता ती बातमी, जी वडाच्या बातमीइतकी छापली जात नाही. २०१० च्या सुमाराला हवाई बेटाच्या पुना भागात उभे ओहिआ अचानक सुकू लागले. २०१४ मध्ये कारण सापडलं: एक बुरशी. झाडाच्या जखमेतून ती आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवते. बाहेरून महिनोन्‌महिने काही दिसत नाही. मग काही दिवसांत-आठवड्यांत सगळा माथा तपकिरी. सांगोला, मालेगावकडच्या डाळिंबवाल्यांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. डाळिंबाची मर ज्या बुरशीने येते तिचीच ही नातलग, सेराटोसिस्टिस कुळातली. २०१८ मध्ये तिचे दोन प्रकार वेगळे नोंदवले गेले आणि एकाला नाव दिलं लुकुओहिआ, म्हणजे ओहिआचा संहार करणारी. आतापर्यंत दहा लाखांहून अधिक झाडं मेली आहेत.

नवी लावता येणार नाहीत का? लावतायत, बियाही साठवतायत. पण ओहिआ सावकाश वाढतो. मेलेल्यांतली कित्येक झाडं शेकडो वर्षांची. मोकळ्या झालेल्या जागेत आधी घुसतात ते स्ट्रॉबेरी पेरू आणि तो माजलेला सोनटक्का. ते ओहिआसारखं पाणी धरत नाहीत, लाल पाखरांना मध देत नाहीत.

डुकरांनी सोललेली साल, कोयत्याचा घाव, भुंगेऱ्यांनी पाडलेला भुसा, बुटाला लागलेला चिखल, यातल्या कशानेही रोग पुढच्या रानात जातो. म्हणून हवाई बेटावरून ओहिआचं लाकूड, पानं, फुलं परवानगीशिवाय दुसऱ्या बेटावर नेता येत नाहीत. हिलोमध्ये दरवर्षी हुलाची सर्वांत मोठी स्पर्धा भरते. लेहुआच्याच गावी आयोजकांना पथकांना सांगावं लागलं की लेहुआ शक्यतो वापरू नका.

जंगलाच्या वाटेच्या तोंडाशी आता एक ब्रश बसवलेला असतो आणि शेजारी अल्कोहोलची बाटली. आधी बुटाचे तळवे घासायचे, फवारा मारायचा. मग उभं राहून आत येण्याची परवानगी मागणारी ओवी म्हणायची, आणि मग पाऊल टाकायचं.